नळी घालतानाचं बीपी: तुमच्याकडे काय झालं?

राजवाड्याची_लेक: काल दिवाळीची आवराआवर करताना आईची जुनी फाइल सापडली, पित्ताशयाच्या ऑपरेशनची. त्यात भुलीचा तक्ता, हाताने भरलेला. बीपी १३० च्या आसपास चाललंय आणि एकदम १९०, नाडी ११८, खाली बारीक अक्षरात 'इंट्युबेशन', म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं. दोन खुणांनंतर परत १२०. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते नळी घालताना चढलं, भुलीचा गॅस वाढवून उतरवलं, आणि मी न बाबा घरी येईपर्यंत भांडत होतो की झोपलेल्या माणसाला कसलं टेन्शन. तुमचे अनुभव लिहा न.

ओटीवाली_आजी: ३१ वर्षं ओटी सिस्टर होते, आता नातू सांभाळते. अगं आपल्याला कळत नाही, शरीराला कळतं. लॅरिंगोस्कोपने (घशात बघायचं हत्यार) जीभ उचलली की ॲड्रेनलिन सुटलंच. आमच्या वेळी भुलीचा गॅस म्हणजे हॅलोथेन, लाल लेबल. बीपी उतरायचं पण नाडीही मंद, आणि ॲड्रेनलिनशी त्याचं वाकडं, ठोके चुकायचे. सर नाडीवरचं बोट काढायचे नाहीत. मग आयसोफ्लुरेन आलं जांभळं, सेवोफ्लुरेन पिवळं. नातू उठला, थांबा

भिया_इंदूरी: माझं हर्नियाचं. रात्रीपासून उपाशी आणि सकाळी खिडकीतून पोहे-जलेबीचा वास, आपलं बीपी नळीच्या आधीच चढलं भिया

स्नेहलताई: कुठला ठेला?

भिया_इंदूरी: पलासियाकडचा. शेव मोकळ्या हाताने घालतो

झोपवणारा: भूल देण्याचंच काम करतो, दोन केसच्या मधे टाइपतोय. सुरी लागली तरी माणूस हलणार नाही एवढा गॅस नळीला पुरत नाही, बराच जास्त लागतो, आणि नुसत्या गॅसवर तेवढं खोल नेलं तर नळी घालून झाल्यावर, कोणी काहीच टोचत नसतं तेव्हा, बीपी धाडकन पडतं. म्हणून तीन-चार मिनिटं आधी फेंटानिल (जोरदार वेदनाशामक), मग कमी गॅसमधे भागतं. डेस्फ्लुरेन (निळं) तर उलटं, डायल घाईत वाढवला की तोच नाडी-बीपी चढवतो. शिकताना केलंय मी हे. सर काही बोलले नाहीत, नुसता डायल खाली आणला, ते जास्त लागलं. आणि लॅरिंगोस्कोप जितका वेळ घशात तितकं जास्त चढतं, हार्टवाल्या पेशंटला तीच दोन-तीन मिनिटं जड. चला, पुढची केस

स्नेहलताई: आमच्या सासूबाईंनी 'उपास आहे न' म्हणून बीपीची गोळीच घेतली नाही, टेबलावर २००, तारीख पुढे ढकलली. वर सगळ्यांना सांगतात मी तर थेंबभर पाणीसुद्धा प्यायले नाही

ओटीवाली_आजी: बऱ्याचशा गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात, काही मात्र बंद ठेवतात. आदल्या दिवशीच विचारायचं. आणि कवळी काढून ठेवायची, एकींनी लाजेपायी सांगितलंच नव्हतं

राजवाड्याची_लेक: आईला तक्ता दाखवला. म्हणे, "१९०? मग मला उठवलं का नाही कोणी?"

स्नेहलताई: 😂😂 पलासियात नक्की कुठे पण?