रात्री हात बधिर होतो: दोष मानेचा की मनगटाचा?

प्रश्न
नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, वय 51, आणि बरीच वर्षे घरीच ब्लाऊज शिवते. तीन महिन्यांपासून रात्री दोन-अडीचच्या सुमारास उजव्या हाताला इतक्या मुंग्या येतात की झोप मोडते. उठून हात झटकला की दहा मिनिटांत बरे वाटते. हल्ली हुक लावताना सुई चिमटीतून केव्हा निसटली तेही कळत नाही, ती मांडीवर पडलेली सापडते. एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांची झीज निघाली, म्हणून दीड महिना मानेला पट्टा लावते आहे, पण काडीचाही फरक नाही. हे मानेचेच असेल का? शिवण बंद करणे मला परवडणारे नाही.

उत्तर 1
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आज रात्री जाग आल्यावर करंगळीकडे नीट लक्ष द्या. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढीच बधिर होत असेल आणि करंगळी शाबूत असेल, तर मनगटातील मीडियन नर्व्ह ही नस दबली असण्याची शक्यता अधिक आहे. तिथल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही नस अशा सगळ्या एकत्र जातात. झोपेत मनगट दुमडले की आतला दाब वाढतो, आणि हात झटकून बरे वाटणे ही या दुखण्याची ओळखीची खूण आहे. दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटे वाकवून मिनिटभर धरा. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. मानेचे म्हणाल, तर पन्नाशीनंतर कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही झीज दिसते, आणि नस एक्स-रेत दिसतच नाही. नसेतून संदेश नीट जातो का ते पाहणाऱ्या नर्व्ह कंडक्शन टेस्टबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा. तोवर रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू न देणारा आधारपट्टा, बांधा, मात्र तयार स्प्लिंटमधली पट्टी बहुधा मागे वाकवलेली असते, ती सरळ करून घ्या.

उत्तर 2
मी ग्वाल्हेरचा. माझी एकच कळकळीची विनंती आहे, वेळ दवडू नका. मी दोन वर्षे तेल चोळत बसलो, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊन सदऱ्याचे बटण लावता येईना, तेव्हा जागा झालो. शस्त्रक्रियेत फक्त हात बधिर करून मनगटावरचा आडवा पट्टा कापून नसेला जागा करून दिली. त्या आठवड्यापासून रात्रीच्या मुंग्या थांबल्या, पण गेलेली ताकद पुरती परतली नाही.

उत्तर 3
काकू, साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या, दोन्हींमुळे हा त्रास होऊ शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-12 सुद्धा पाहा. माझी करंगळी बधिर व्हायची. नस कोपरात दबत होती, फोन कानाला लावून तासन्‌तास बोलण्यामुळे.

प्रश्नकर्त्या
सर्वांचे मनापासून आभार. करंगळी अगदी शाबूत आहे, आणि मनगटे वाकवून धरली तर चाळीस आकडे मोजेपर्यंतच तर्जनीत मुंग्या आल्या. स्प्लिंटची पट्टी मुलाकडून सरळ करून घेतली. काल रात्री एकदाच जाग आली. सोमवारी एम. वाय. रुग्णालयात दाखवून येते आणि टेस्टचे काय ठरले ते इथेच लिहीन. तोपर्यंत जाड कापड कापायला सुनेकडे देते आहे.