मदत हवी आहे : लॉटरी निकालाच्या एक्सेल शीटमधून 0 ने सुरू होणारे नंबर गायब

नमस्कार मंडळी,

शालीमारला मामांचं लॉटरीचं टेबल आहे, महाराष्ट्र राज्य लॉटरीची कागदी तिकिटं. मटक्याचा विषय नाही हे आधीच सांगतो, ओपन-क्लोज विचारणाऱ्यांनी कृपया इथूनच वळावं.

काम असं की शेवटच्या चार अंकांवर लागणारी छोटी बक्षिसं मामा गल्ल्यातूनच देऊन टाकतात आणि ती तिकिटं गठ्ठा करून स्टॉकिस्टकडे जमा करतात, मग तेवढी रक्कम पुढच्या मालात वळती होते. 10,000 च्या वरचं बक्षीस असेल तर 30 टक्के टीडीएस (बक्षिसातूनच कापला जाणारा कर) वगैरे भानगड असते, त्यात मामा पडतच नाहीत, सरळ लॉटरी ऑफिसचा पत्ता देतात. पण छोट्या बक्षिसांचा हिशोब वहीत राहीना म्हणून ओळखीतल्या एका पोराकडून एक्सेल शीट करून घेतली. एका टॅबमध्ये निकाल, दुसऱ्यात आपल्याकडे आलेली तिकिटं, तिसऱ्यात दिलेले पैसे, आणि चौथ्यात मामांच्या हौसेखातर कुठला अंक किती वेळा आला त्याचा चार्ट.

आता या चार्टनेच घोळ घातलाय. बक्षिसाच्या नंबरचा पहिला अंक मोजला तर 1 ते 9 सगळे थोडेफार सारखे, आणि 0 च्या पुढे चक्क भोपळा. मामांनी तो चार्ट प्रिंट मारून टेबलाच्या मागे चिकटवला, झालं, गिऱ्हाईक आता चार अंकांत पहिला 0 दिसला की तिकीट परत ठेवतं, "शून्यवालं नको भाऊ, ते लागतच नाही". सोडतीच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्या गठ्ठ्यात बघावं तर नुसती शून्यवाली. त्यात परवा एक आजोबा तिकीट घेऊन आले, शेवटचे अंक 0047, शीट म्हणाली बक्षीस नाही, आजोबांनी पिशवीतून छापील निकाल काढून बोट ठेवलं तर नंबर तिथे ठळक छापलेला. मामांनी पैसे दिले, पण माझ्याकडे असे बघत होते की काय सांगू.

निकालाची फाईल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाईल) येते, ती डबल क्लिक करून उघडतो आणि कॉपी पेस्ट करतो. सेलचा फॉरमॅट नंतर टेक्स्ट करून पाहिला, फरक नाही. जाणकारांनी सांगा काय चुकतंय, आणि मागचा सगळा डेटा परत टाईप करावा लागेल का?

प्रतिसाद 1

भाऊ, लॉटरीत काही नाही, शून्य एक्सेल खातंय. सीएसव्ही डबल क्लिक केली की 0047 ला ते संख्या समजून 47 करतं, तुमच्या चार्टमध्ये तो 4 च्या खात्यात जाऊन बसतो. तिकिटाच्या बाजूला 0047 टेक्स्ट म्हणून आहे, निकालात 47, मग जुळणार कसं. फॉरमॅट नंतर बदलून उपयोग नाही, शून्य आधीच गेलेलं असतं.

परत टाईप करायची गरज नाही. बक्षिसं चार अंकीच आहेत ना, मग टेक्स्ट फंक्शनमध्ये फॉरमॅट म्हणून अवतरण चिन्हांत चार शून्यं द्या, 47 चं 0047 होईल, 5 चं 0005. तो कॉलम कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. पुढच्या वेळी फाईल डबल क्लिकने उघडू नका, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा आणि लोड करायच्या आधीच त्या कॉलमला टेक्स्ट निवडा. पहिल्या बक्षिसाचा सीरिजसकट पूर्ण नंबर वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, त्याला हे लावू नका.

दिलेल्या पैशांच्या टॅबमध्येही बघा. तिथे नुसते शेवटचे चार अंक असतील तर एकच तिकीट दोनदा आलं की कळणारच नाही, सीरिज आणि पूर्ण नंबर लिहा.

आणि मामांना तो चार्ट काढायला सांगा हो. 0000 ते 9999 म्हणजे दहा हजार नंबर, रोज एक काढला तर दहा हजार सोडतींना 27 वर्षं लागतात, आणि तेवढ्यानंतरही एक तृतीयांशाहून जास्त नंबर एकदाही आलेले नसतील. त्यामुळे "हा बरेच दिवस आला नाही, आता येणार" याला काही अर्थ नाही, मागची सोडत पुढचीला ओळखत नाही. चार्टचा खरा उपयोग डेटा तपासायला, कुठला अंक एकदम शून्यावर दिसला की आधी फाईल बघायची. सरावाला जास्त डेटा हवा असेल तर केरळ सरकारच्या लॉटरीची रोज सोडत असते, निकाल पीडीएफमध्ये मिळतात.

धागाकर्ता

जमलं! टेक्स्ट फंक्शन लावलं आणि 0 चा रकाना बाकीच्यांच्या बरोबरीला आला. चार्ट मात्र मामा काढत नाहीयेत, म्हणतात नवीन प्रिंट दे, आता शून्यवाली खपवायची आहेत. तुमचं 27 वर्षांचं गणित वाचून दाखवलं तर म्हणे गिऱ्हाईकाला गणित नको असतं.

जाता जाता अजून एक, पीडीएफमधून कॉपी केलं की काही आकडे देवनागरीत येतात, ०४७ असे, ते 047 शी जुळत नाहीत. दहा वेळा फाइंड-रिप्लेस करण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का?