बदकाची पिल्लं: अंडं फुटल्यानंतरचंही लिहा (अनुभव धागा)

घरी बदकाची पिल्लं काढायची म्हटलं की सगळी चौकशी अंड्यांपाशी येऊन थांबते. मशीन कुठलं, तापमान किती, दिवस किती. दिवसांचं उत्तर सोपं आहे: साध्या बदकाला 28, मस्कोव्ही जातीच्या बदकाला 35 च्या आसपास. पण पिल्लू बाहेर पडलं की पुढचे दोन महिने घराचं वेळापत्रक तेच ठरवतं, आणि त्याबद्दल वाचायला फारसं मिळत नाही. खाकी कॅम्पबेल आणि इंडियन रनर या जाती अंडी भरपूर देतात, पण अंड्यांवर बसायला सहसा राजी नसतात. म्हणजे उबवायचं आणि वाढवायचं, दोन्ही कामं कोंबडीने करायची नाहीतर आपण. ज्यांनी ती केलीत त्यांनी इथे सविस्तर लिहा. पिल्लं कशाने जगली, कशाने दगावली, पाण्याचं काय केलं, रात्री कुठे ठेवली. फोटो नसले तरी चालतील.

संगमेश्वर तालुका

आमच्याकडे मशीन नाही, खुडूक कोंबडी बसवतो. गावठीच लागते. तिला 21 दिवसांची सवय, इथे आठवडाभर जास्त बसायचं असतं, म्हणून नुकतीच खुडूक झालेली निवडायची. आधीच बसून दमलेली मध्येच उठते आणि सगळी रवण (बसवलेली अंडी) वाया जाते. बदकाचं अंडं 65-70 ग्रॅमचं, त्यामुळे एका कोंबडीखाली आठ-नऊच. जास्त ठेवली की कडेची गार पडतात.

अंडी जड असल्यामुळे तिला ती नीट फिरवता येत नाहीत. आई प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करते आणि कोंबडी दाणे टिपायला उठली की ओल्या हाताने अंडी उलटी करते. बदकीण पाण्यातून भिजून येऊन अंड्यांवर बसते, कोंबडीत तो ओलावा कुठून येणार? डालग्यात खाली राख, वर पेंढा. राखेमुळे पिसवा कमी होतात. वळवाच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून आजी एक लोखंडी खिळा ठेवायची, तो आम्ही आजही ठेवतो.

पिल्लांना पऱ्ह्यावर (ओढ्यावर) सोडायची घाई करू नका. कोंबडीखालचं पिल्लू पहिले काही आठवडे लवकर भिजतं आणि गारठतं. आमची बरीचशी पिल्लं थंडीनेच गेली आहेत, मुंगसाने कमी.

पुणे, सिंहगड रस्ता

मी मशीनवाली. तापमान 37.5 ला धरून ठेवणं मशीन करतं, खरं काम दमटपणाचं. इथली एप्रिलची हवा इतकी कोरडी की पाण्याची वाटी भरायची राहिली की आतला पडदा कातडं होऊन पिल्लाला चिकटतो. मी 55 ते 60 टक्के ठेवते, शेवटच्या तीन दिवसांत 70 च्या आसपास. 25 व्या दिवशी अंडी फिरवणं बंद. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही, वरून गोधड्या टाकायच्या. एकदा तीन-साडेतीन तास गेली होती, तरी पिल्लं निघाली.

शेवटच्या टप्प्याबद्दल लिहिते, कारण माणसं तिथेच घाबरतात. आधी आतून टकटक ऐकू येते. मग बोथट टोकाकडे एक बारीकसा चरा उमटतो, कवचाची टिकली उचलली जाते आणि आतला पडदा श्वासागणिक हलताना दिसतो. त्यानंतर काहीच होत नाही. एक दिवस, कधी दीड दिवससुद्धा. आपल्याला वाटतं पिल्लू मेलं. ते मेलेलं नसतं. पडद्याच्या शिरांमधलं रक्त आणि पोटाशी उरलेला बलक ते आत ओढून घेत असतं. त्या वेळी मदत म्हणून कवच सोललं तर शिरा फुटतात आणि पिल्लू हातातच जातं. ते सावरलं की चोचीवरच्या छोट्या दाताने कवच गोल कापत जातं आणि टोपी ढकलून बाहेर येतं. पहिला दिवसभर त्याला खाणं लागत नाही, बलक पुरतो.

आणि एकच पिल्लू काढू नका. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेंझने हंसांच्या आणि बदकांच्या पिल्लांवर जे काम केलं, ज्यासाठी 1973 मध्ये त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं, ते घरात घडताना दिसतं. जन्मल्यावर पहिल्या तासांत जे हलताना-बोलताना दिसलं तीच त्याची आई. एकटं पिल्लू मग तुम्ही आंघोळीला गेलात तरी दाराशी ओरडत बसतं. दोन-तीन असली की एकमेकांना धरून राहतात.

नवी मुंबई

ताई, छान लिहिलंय. माझी पिल्लं दहा-बारा दिवसांची आहेत. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देतोय. त्यातलं एक चालतच नाही, घोट्यांवर बसूनच सरकतं. विकणारा म्हणाला जन्मजात आहे, टाकून द्या.

परभणी (मी पशुवैद्यक आहे)

टाकू नका. आधी खाली काय अंथरलंय ते बघा. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, गोणपाट टाका. दुसरं, बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळपास दुप्पट लागतं. किलोभर खाद्यात 55 मिलिग्रॅमच्या आसपास. कोंबडीच्या खाद्यात ते बहुधा पुरत नाही आणि पाय वाकतात. ब्रूअर्स यीस्ट खाद्यात मिसळा आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवून पाण्यातून द्यायचं औषध घ्या. लवकर सुरू केलं तर पाय सुधारतात, उशीर झाला तर वाकडेच राहतात.

सगळ्यांसाठी एक कळकळीची सूचना. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड यांना अजिबात घालू नका. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनला बदकाचं पिल्लू इतकं नाजूक की हे विष ओळखायला एका दिवसाच्या पिल्लांवर चाचणी करत असत. पावसाळ्यात पोत्याच्या तळाचं खाद्य वास घेऊनच वापरा. वास आला तर फेकून द्या, गाळून-चाळून चालत नाही.

भंडारा जिल्हा

भात कापताना बांधाच्या गवतात हळदी-कुंकू बदकाची अंडी सापडतात. लोक कोंबडीखाली ठेवायला घरी आणतात. कृपा करून आणू नका. रानबदकांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मादी जवळच कुठेतरी असते. आम्ही तेवढा पट्टा न कापता सोडतो.

ब्रिस्टलजवळून

खाकी कॅम्पबेल इथल्याच शेजारच्या ग्लॉस्टरशरची. ॲडेल कॅम्पबेल यांनी यूली गावात 1900 च्या सुमारास इंडियन रनर, रुआँ ही दुसरी एक जात आणि रानबदक यांच्या संकरातून ती तयार केली. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून एकच बदक पाळलं तरी सरकारी नोंदणी लागते. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं घालायलाही बंदी आहे, त्यामुळे पोळीचा तुकडा नाही की भात नाही. मुलांना ते फार जड गेलं. मग आम्ही बागेतून तोडून थेट वाफ्यातच पालक टाकायला लागलो. पाण्याचं सांगायचं तर भांडं एवढं खोल हवं की नाकपुड्या बुडतील, आणि त्यात गोटे घालायचे म्हणजे पिल्लू आत चढून बसत नाही. नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर खाद्य अडकून बसतं.

नवापूर

2006 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आमच्याकडे आला तेव्हा पोल्ट्रीबरोबर आसपासच्या परसातले पक्षीही मारावे लागले. मी तेव्हा शाळेत होतो. बदकं धडधाकट दिसत असूनही विषाणू बाळगू शकतात, हे तेव्हा कुणी समजावलं नव्हतं. आता बदकं आणि कोंबड्या वेगळ्या ठेवतो, तळ्यावर सोडत नाही, आणि अचानक एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर हात न लावता दवाखान्यात कळवतो. संगमेश्वरवाल्यांनी कोंबडीखाली पिल्लं वाढवण्याबद्दल लिहिलंय, ते पिल्लांपुरतं ठीक, पण मोठी झाल्यावर वेगळी करा असंच मी म्हणेन.

नवी मुंबई

डॉक्टर, गोणपाट टाकला, यीस्ट आणि औषध चालू केलं. आज ते उभं राहून पाण्यापर्यंत गेलं. दोन पावलं टाकून बसतं, पण गेलं. खूप आभार.

सावंतवाडी

उबेचं कुणी लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात 32 अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तर पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर बल्ब वर घ्या. सात-आठ आठवड्यांत पिसं भरतात. त्याच सुमारास आवाज फुटतो. मोठ्याने क्वॅक करते ती मादी, घोगरा बसका आवाज नराचा. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. जास्त ठेवले तर माद्यांच्या मानेची पिसं उपटतात, पाण्यात दाबून धरतात.

रात्री खुराड्याला कोंबडीची जाळी पुरत नाही, मुंगूस ती उचकटतं. बारीक वेल्डेड जाळी लावा आणि ती जमिनीत हातभर पुरा. अंडी बहुतेक पहाटेच घालतात, म्हणून खुराडं नऊच्या आधी उघडायचं नाही, नाहीतर अंडी पाटात शोधत फिरावं लागतं.