मदत हवी आहे: कॅटलॉगमधली ब्रेक डिस्क वेगळी, गाडीवरची वेगळी. कुठली मागवू?

नमस्कार मंडळी,

१९९३ सालची हॅचबॅक आहे, माझ्याकडे येण्याआधी दोघांनी वापरलेली. पुढच्या डिस्क झिजून कडेला चांगला काठ उभा राहिलाय, तेव्हा बदलायलाच हव्यात. नंबर शोधायला कंपनीचा पार्ट कॅटलॉग उघडला आणि तिथेच घोडं अडलं.

त्याच मॉडेलला, त्याच इंजिनला दोन डिस्क दाखवतात. एक ठरावीक चासी नंबरपर्यंत, दुसरी त्याच्या पुढे. माझी गाडी दुसऱ्या गटात येते (रजिस्ट्रेशनच्या वर्षावर जायचं नसतं एवढं माहीत आहे; गाडी बनते आधी, नोंद होते नंतर). म्हणजे २० मिमीची, मधून हवा खेळणारी डिस्क हवी. पण गाडीवर आहे ती भरीव, व्हर्नियरने जेमतेम ११ मिमी भरते. व्यास मात्र दोन्हींचा २३९!

कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उठावाचा एक नंबर आहे, तो कॅटलॉगात कुठेच नाही. मेकॅनिक म्हणतो, "जुनी काढून घेऊन जा, जुळेल ती बसवू." ब्रेकच्या बाबतीत हे मला पटत नाही. कॅटलॉग मानू की गाडीवर आहे ते?

प्रतिसाद:

गाडीवर आहे ते. कॅटलॉगला फक्त कारखान्यातून निघालेली गाडी ठाऊक असते; तुमच्या आधीच्या कुणीतरी पुढचा ब्रेक दुसऱ्या गाडीचा चढवलेला दिसतो. भरीव डिस्कच्या कॅलिपरमध्ये नव्या पॅडसकट २० मिमीची डिस्क मावणारच नाही. मूळ ब्रेक परत हवा असेल तर कॅलिपर, ब्रॅकेट, पॅड, डिस्क असं सगळंच बदलावं लागेल.

उठावाचा तो बहुतेक कास्टिंग नंबर. एकाच ओतकामावर वेगवेगळं मशीनिंग करून दोन-तीन पार्ट बनवतात, त्यामुळे तो शोधून उपयोग नाही. त्यापेक्षा पॅड काढून पाठ बघा. युरोपियन पॅडवर बऱ्याचदा पाच अंकी डब्ल्यूव्हीए नंबर (पॅडचा प्रकार सांगणारा) असतो, त्यावरून कॅलिपर ओळखता येतो.

आणि ते ११ मिमी खरं धरू नका. व्हर्नियरचे जबडे काठावर टेकतात, आतली जाडी कमीच असणार. दोन्ही बाजूंना एकेक वॉशर धरून मोजा, वॉशरांची जाडी वजा करा. डिस्कवर 'मिन टीएच' (किमान जाडी) असा शिक्का असतो, त्याच्याशी ताडून बघा. डिस्कची एकूण उंची (मधल्या उंचवट्यासकट) आणि मधल्या भोकाचा व्यासही घ्या. व्यास एक असून उंची वेगळी निघाली तर डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही.

दोन्ही चाकं तपासा हं, बदल एकाच बाजूला झालेला असू शकतो. पॅडवरचा नंबर मिळाला की इथे टाका.