मदत हवी आहे : मारिओ कार्टच्या राइडमध्ये नातवाला बसू देतील का?

संत्रावाले_आजोबा (वरुड तालुका)
नमस्कार मंडळी. संत्र्याच्या आंबिया बहराची तोडणी उरकली की डिसेंबरात मुलाकडे जायचे ठरले आहे आणि मारिओ कार्ट या व्हिडिओ गेमवरच्या राइडशिवाय दुसरे काहीही पाहणार नाही, असे नातवाने आतापासूनच जाहीर केले आहे. मुलाला सवड नसल्यामुळे पार्कमध्ये मी आणि नातू असे दोघेच जाणार आहोत. माझे प्रश्न सरळ आहेत : त्या राइडमध्ये लहान मुलाला बसू देतात का, ती फार उलटीपालटी होते का, आणि तिचे वेगळे तिकीट लागते का? कृपया लवकर व नेमके सांगावे, कारण मुलगा रोज रात्री फोनवर हेच विचारतो.

मेळघाटचा_वाटाड्या
काकाजी, ही राइड एकाहून अधिक देशांत आहे. आपण कोणत्या शहरात जाणार आहात आणि नातवाची उंची किती आहे, हे कळल्याशिवाय कोणीही नेमके सांगू शकणार नाही.

आर्वीकर_भाऊ
काही काळजी करू नका. मी भावाकडे गेलो असताना ऑर्लँडोच्या एपिक युनिव्हर्समध्ये हीच राइड केली आहे. ते पार्क 22 मे 2025 रोजी उघडले. तेथे सोबत मोठे माणूस असल्यास 40 इंच, म्हणजे साधारण 102 सेंटिमीटर उंची पुरते. पहिली-दुसरीतली मुले आरामात बसतात.

संत्रावाले_आजोबा
मुलगा जपानमध्ये कोबेला नोकरीला आहे, तेव्हा पार्क ओसाकाचेच असणार हे उघड आहे. नातू यंदा पहिलीत गेला. मी राइडबद्दल विचारले आहे आणि मंडळी मुलाची उंची विचारत आहेत, याचे मला आश्चर्य वाटते.

वर्धेची_लेक
काकाजी, उत्तर उंचीवरच अवलंबून आहे, म्हणून सगळे विचारत आहेत. मी काही वर्षे ओसाकाला राहिले आहे. तेथील युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कमधला सुपर निन्टेन्डो वर्ल्ड हा मारिओचा भाग 18 मार्च 2021 रोजी सुरू झाला आणि तेथे मारिओ कार्टला एकट्याने बसण्यासाठी 122 सेंटिमीटर, तर मोठ्यांच्या सोबतीने बसण्यासाठी 107 सेंटिमीटर उंची लागते. आर्वीकर भाऊंनी दिलेला आकडा अमेरिकेतला आहे; तो येथे लागू पडत नाही.

आर्वीकर_भाऊ
राइड तीच, गाडी तीच, मग पाच सेंटिमीटरसाठी कोण अडवतो? जरा जाड तळव्याचे बूट घातले की काम भागते.

वर्धेची_लेक
भाऊ, रांगेच्या तोंडाशीच मापाची पट्टी असते आणि तेथील कर्मचारी हसतमुखाने, पण निक्षून नाही म्हणतात. शिवाय हा नियम सुरक्षिततेसाठी आहे. बूट उंच झाले म्हणून मूल मोठे होत नाही. कृपया असे सल्ले देऊ नयेत.

धुऱ्यावरचा_प्रवासी
नागपूरहून ओसाकाला थेट विमान नाही, हे लक्षात ठेवावे. दिल्लीमार्गे जाण्यापेक्षा सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे जाणे मला नेहमीच सोयीचे वाटले आहे. मुंबईपर्यंत मात्र रेल्वेने जाऊ नका.

संत्रावाले_आजोबा
विमानाबद्दल मी विचारलेले नाही. ती तिकिटे मुलाने काढली आहेत. अंगणवाडीतल्या पट्टीवर नातवाला आज अनवाणी उभे केले. उंची 105 भरली. आता राहिलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मला चष्मा आहे आणि मी टोपी वापरतो, हेही सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

वर्धेची_लेक
उलटीपालटी अजिबात होत नाही. गाडी चार जणांची असून रुळावरूनच चालते, तिचा वेगही बेताचा असतो आणि मोठा उतार कोठेही नाही. डोक्यावर एक पट्टा बसवतात, तो मागची चकती फिरवून घट्ट करायचा असतो, आणि गाडीत बसल्यावर त्याला पुढून काच अडकवायची असते. त्या काचेतून खऱ्या देखाव्यावर मारिओची पात्रे तरंगताना दिसतात. जिकडे डोके वळवाल तिकडे नेम लागतो आणि स्टिअरिंगवरचे बटण दाबले की प्रतिस्पर्ध्यावर गेममधले कासवाचे कवच सुटते. चष्म्यावरून काच नीट बसते. टोपी मात्र पट्ट्यामुळे काढून खिशात ठेवावी लागेल.

खाणीतला_डाँकी
मारिओ कार्टपेक्षा त्याच भागातली डाँकी काँग या गेममधल्या माकडाची खाणगाडी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती 11 डिसेंबर 2024 रोजी सुरू झाली. डोळ्यांना दिसणारा रूळ मध्येच तुटलेला असतो आणि गाडी त्यावरून उडी मारल्यासारखी जाते. प्रत्यक्षात ती एका दांड्यावर असते आणि तो दांडा दडवलेल्या खऱ्या रुळावरून धावतो. अभियांत्रिकी म्हणून ही कल्पना फार सुंदर आहे.

मेळघाटचा_वाटाड्या
नातवाला मारिओ कार्टच हवी आहे, मग हा सल्ला काय कामाचा? काकाजी, या वयात मुले वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे डिसेंबरपर्यंत तो 107 च्या अगदी काठावर असेल. त्यावर विसंबून त्याला शब्द देऊ नका. त्याच भागातली योशीची (मारिओच्या हिरव्या डायनासोरची) राइड सोबतीने 92 सेंटिमीटरला चालते. ती संथपणे उघड्यावरून फिरते आणि त्याला नक्की मिळेल.

वर्धेची_लेक
त्यात एक अडचण आहे. उंची कमी भरली तर दोन मोठ्या माणसांनी आळीपाळीने राइड करावी, एकाने मुलाजवळ थांबावे आणि दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागू नये, अशी सोय तेथे आहे. परंतु आपण दोघेच गेलात तर नातवाला एकटे ठेवून आपल्यालाही बसता येणार नाही.

संत्रावाले_आजोबा
मग त्याच्या आजीला सोबत आणतो. तिला साधी एस.टी.सुद्धा लागते, त्यामुळे ती बसणार नाही, पण त्याला सांभाळेल. मात्र आजोबा आत आणि नातू बाहेर, हे त्याला कोण समजावून सांगणार, ते मंडळींनीच सुचवावे. आणि वेगळ्या तिकिटाचे कोणी अजून बोललेले नाही.

वर्धेची_लेक
राइडचे वेगळे तिकीट नाही. पार्कच्या तिकिटात ती येते. परंतु गर्दीच्या दिवशी मारिओच्या भागात शिरण्यासाठी वेळ नेमून दिलेली प्रवेशचिठ्ठी लागते, आणि ती पार्कमध्ये शिरल्यावर अधिकृत अॅपवरून विनामूल्य मिळते. सकाळी लवकर गेल्यास ती मिळण्याची शक्यता अधिक. त्या भागातली राइड असलेला एक्सप्रेस पास (रांग टाळण्याचा जादा पैशांचा पास) घेतल्यास त्या भागाचा प्रवेश निश्चित होतो, पण तो महाग असतो आणि घेतल्यावर परत करता येत नाही. म्हणून नातवाची उंची पुन्हा मोजल्याशिवाय मुलाला तो घेऊ देऊ नका.

आर्वीकर_भाऊ
मोजताना त्याला पाठ टेकवून, टाचा जुळवून उभे करावे. आमच्याकडे अंगणवाडीची पट्टी एक सेंटिमीटर कमी दाखवते.