दात पांढरे करायची पेस्ट सुचवा, बजेट 200

केळापूरकर: बहिणीचं लग्न दीड महिन्यावर आलं. तिच्या समोरच्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग आहेत. खर्रा, तंबाखू काही नाही. फोटो काढताना ओठ मिटून घेते. 200 रुपयांच्या आत चांगली पेस्ट सांगा.

कास्तकार७७: कोळशाची पावडर घ्या. मी 350 ची डबी आणली, दोन हप्त्यांत चहाचे डाग साफ. 150 जास्त गेले तरी पस्तावणार नाही.

संत्रावाली: लिंबू अन् खायचा सोडा चुकूनही लावू नका. मी महिनाभर घासला. पहिले आठ दिवस दात चमकले, मंग असे आंबले की थंड पाण्याची सळ मस्तकात जाते. घरी संत्र्याची बाग, अन् मले फोड खाता येत नाही.

वणीचा_गडी: आमचा आजा 80 व्या वर्षी फुटाणे फोडून खाये. फक्त निंबाची काडी!

कास्तकार७७: काडी बाभळीची चांगली. निंबानं तोंड कडू होते.

वणीचा_गडी: कडू होते म्हणूनच कीड लागत नाही, भाऊ.

नागपूर_रिटर्न: मी खाजगी दवाखान्यात 9000 देऊन ब्लीचिंग केलं. एकदम पांढरे झाले. चार दिवस ठणकले, मग बरं वाटलं. लग्न एकदाच होतं, खर्च करा.

दंतसहायक: ताईचे डाग वरवरचे नसावेत. केळापूर भागात बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरडीत घडत असतात, तेव्हाच ते इनॅमलमध्ये, म्हणजे दातावरच्या कडक थरात बसतं. कोळसा वरून कितीही घासा, आतला डाग निघत नाही, इनॅमल मात्र झिजतं अन् ते परत येत नाही. त्याखालचा थर, डेंटिन, पिवळाच असतो, म्हणून घासून घासून दात आणखी पिवळे दिसतात. ब्लीचनं कधी पांढरे चट्टे जास्त उठून दिसतात. आधी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

वर्धेकर: कोळशाची पावडर बेस्ट आहे, मीही वापरतो.

संत्रावाली: वर काय लिहिलं ते वाचा ना!

केळापूरकर: सगळ्यांचे आभार. बहिणीला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, लग्नाआधी दाताला हात लावायचा नाही, नागपूरही नंतर पाहू. नवऱ्या मुलानं असंच पसंत केलं आहे. मला खरी काळजी दादाच्या पोराची लागली, तो पाच वर्षांचा आहे अन् त्याच बोअरचं पाणी पितो. पाणी उकळून दिलं तर चालेल का?

दंतसहायक: नाही, उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर पोराचं प्यायचं अन् स्वयंपाकाचं पाणी बदला.

केळापूरकर: सोमवारी बाटली घेऊन जातो.