शब्दचर्चा: 'गॅली'ला गलबत म्हणावं का?

शंकासुर:
भाचा आणि मी 'सिव्हिलायझेशन ६' हा संगणकावरचा खेळ खेळतो, आणि हौस म्हणून खेळताना मराठीत बोलून ते रेकॉर्ड करतो. परवा मी ओरडलो, "रानट्यांची गॅली आली बघ आपल्या दुसऱ्या शहरापाशी!" मागे सुपारी कातरत बसलेल्या आईने विचारलं, "कुठल्या गल्लीत आली?" तेव्हापासून मराठी शब्द शोधतोय.

खेळ न पाहिलेल्यांसाठी सांगतो. नौकानयनाचा शोध लागला की पहिली लढाऊ बोट मिळते ती ही गॅली. किनारा धरून चालते, गडद निळं पाणी आलं की अडते. लांबून मारा जमत नाही, जवळ जाऊन भिडावं लागतं. मी 'गलबत' म्हणून पाहिलं, पण भाच्याचं म्हणणं, गलबत शिडाचं असतं आणि त्यावर तोफा असतात. 'युद्धनौका' म्हटलं की डोळ्यांसमोर विक्रांत उभी राहते. मग म्हणावं काय?

पागोळी:
होडी म्हणा. तिची लायकी तेवढीच आहे.

तांडेल:
भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर. आंग्र्यांच्या काळातल्या गलबताला दोन डोलकाठ्या असत, लहान तोफाही असत. पण त्याबरोबर चाळीस-पन्नास वल्हीही असत, आणि खरी गंमत तिथेच होती. वारा पडला की परदेशी मोठं जहाज जागच्या जागी डुलत राही आणि गलबतं वल्हवत त्याच्यावर चालून जात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५ च्या सुमाराचं) आरमारावर एक प्रकरणच आहे. त्यातला सल्ला असा, की गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) नि गलबतं मध्यम आकाराची करावीत, वाऱ्यावाचून कामाची नसलेली थोरली 'फरगात' बांधायचं कारण नाही. फरगात म्हणजे फ्रिगेट, शिडाचं मोठं लढाऊ जहाज. कसा घोटून घोटून आपलासा केलाय शब्द!

हलकं, वल्ह्यांवर चालणारं, किनाऱ्यालगत लढणारं. गॅलीचं कामही हेच. जुन्या इंग्रजी कागदांत तर गलबत 'गॅलिव्हॅट' होऊन येतं. माझं मत गलबतालाच.

एक आहे, आमच्या दापोलीकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी गलबत म्हणजे मालाचं. मंगलोरी कौलं गलबतातून उतरायची. त्यांना 'गलबताने हल्ला केला' म्हटलं तर हसतील.

पागोळी:
मग गुराब का नको? ऐकायला तरी लढाऊ वाटतं.

तांडेल:
गुराब त्याहून बरंच मोठं, मुख्यतः शिडांवर चालणारं. तुमच्या खेळातल्या पहिल्या बोटीला ते झेपायचं नाही. (मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा, हे जाता जाता.)

शंकासुर:
पटलं. पण आधीच्या 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये याच जागी ट्रायरीम होती. तीही गलबतच?

उंटावरचा शहाणा:
नाही! हात जोडतो. लॅटिनमध्ये 'रेमुस' म्हणजे वल्हं, आणि ट्रायरीम म्हणजे वल्हेकऱ्यांच्या तीन रांगांची. अथेन्सच्या ट्रायरीमवर साधारण २०० माणसं, त्यांतली १७० नुसती वल्ही मारणारी, तीन थरांत बसलेली. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीशी काशाची (ब्राँझची) चोच. ती समोरच्या जहाजाच्या बाजूत घुसवायची. इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसमधल्या सालामिसच्या चिंचोळ्या पाण्यात इराणी आरमाराची दैना झाली ती अशाच जहाजांपुढे. गलबत चोच मारत नाही, ते माणसं चढवतं. जात वेगळी.

आणि ट्रायरीमवर रांधायला, निजायला जागाच नव्हती, त्यामुळे शक्यतो रात्री किनारा गाठायचा. १९९१ च्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये हे झकास उतरलं होतं. आपली पाळी संपताना ट्रायरीम जमिनीला लागून नसली तर गडप व्हायची भीती. नवी वसाहत करायला निघालेली भरली ट्रायरीम मी अशी कितीदा घालवली, त्याची मोजदाद नाही.

पागोळी:
'त्रिवल्ही' म्हणा की.

उंटावरचा शहाणा:
तीन वल्ह्यांची होडी वाटेल. ट्रायरीमच राहू द्या. नाखवा फारसीतून आला, आरमार पोर्तुगीजांकडून. ही एक लॅटिनमधून आली तर बिघडलं कुठे?

तांडेल:
मला तर नामापेक्षा क्रियापद खटकतं. पोरं 'गॅली मूव्ह कर' म्हणतात. अहो, गलबत हाकारतात! नांगर उचलतात, शीड उभारतात, किनाऱ्याला लावतात. हे बोलायला लागा, मग गॅली म्हटलंत तरी मराठी वाटेल.

शंकासुर:
काल करून पाहिलं. दोन गलबतं झाली की जहाजबांधणीचा शोध लवकर लागतो, म्हणून दुसरंही बांधलं. भाच्याने माऊस हातात घेऊन विचारलं, "मामा, हाकारू का?" आईचा अडकित्ता थांबला. म्हणाली, "कुणाला हाका मारतोस रे?"